साईनाथचा ॲक्सेस

मीटिंग रूमचं दार लावून रवींद्र सर म्हणाले, "स्वप्ना, दुपारच्या चहानंतर साईनाथचा ॲक्सेस बंद कर. एचआर त्याला खाली बोलावेल. तोवर त्याला काही बोलू नकोस."

स्वप्ना "ओके" म्हणाली. इतक्या सहज कसं म्हणाले, असं तिला वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

ठाण्यातल्या त्या मोठ्या फायनान्स कंपनीत ती आणि साईनाथ पाच वर्षं शेजारी बसत होते. तो कल्याणजवळच्या मोहन्याचा. कंपनीचं ॲप त्या दोघांनीच उभं केलेलं.

जेवताना त्याने आपल्या डब्यातली भेंडी तिच्या झाकणात वाढली. "ठाकुर्लीतला फ्लॅट बायकोला आवडलाय. उद्या बुकिंग करतोय."

"थांब ना जरा."

"का गं?"

"पावसाळ्यात एकदा बघ. भिंती गळतात का ते कळेल."

तो हसला. "तू पण ना, माझ्या आईसारखीच!"

चहा झाल्यावर तिने त्याचं नाव टाकलं आणि बटण दाबलं. शेजारून लगेच आवाज आला, "अगं, मला लॉगआउट केलं याने. बघतेस का?"

ती उठली, त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि म्हणाली, "रिस्टार्ट कर." मशीन चालू होईपर्यंत दोघं काळ्या स्क्रीनकडे बघत राहिले. मग त्याचा फोन वाजला; एचआरने खाली बोलावलं होतं.

तो वर परत आला नाही. त्याची बॅग घेऊन तीच खाली गेली. गेटपाशी तो आयकार्डाशिवाय उभा होता.

"तुला माहीत होतं?"

"हो. सकाळपासून."

"म्हणून थांब म्हणालीस."

तिने मान हलवली. तो शिव्या देईल असं तिला वाटलं होतं. त्याने बॅग खांद्याला लावली. "फ्लॅटचं तरी वाचलं," म्हणाला आणि रिक्षाला हात केला.

वर रवींद्र सरांनी विचारलं, "झालं?"

"झालं."

दुसऱ्या दिवशी त्याचं काम तिच्याकडे आलं. तिने ते केलं.

दोन महिन्यांनी साईनाथचा फोन आला. ऐरोलीत नोकरी लागलेली, पगार कमी, पण लागलेली. त्याचा आवाज खुलला होता. "तुला पहिलं सांगतोय," तो म्हणाला.

"अभिनंदन रे," ती म्हणाली. आता तरी बरं वाटेल म्हणून फोन कानाला तसाच धरून ती थांबली. पलीकडे तो घरच्यांशी बोलायला लागला होता. काचेबाहेरून सरांनी हात केला, तशी ती मीटिंगला गेली.