म्हातारीच्या उवा

सापाला उवा होतात हे मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळलं. कळलं नसतं तरी माझं काही अडलं नसतं.

साप माझे नाहीत, दादाचे आहेत. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बसच्या आगारात त्याने एकतीस वर्षं इंजिनं खोलली नि जोडली. गेल्या वर्षी नळाखाली हात धुता धुता खाली बसला तो उजवी बाजू आणि बोलणं घालवूनच उठला. वहिनी जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. माझ्याही मागेपुढे कोणी नाही, म्हणून मी माझी भाड्याची खोली सोडून त्याच्याकडे राहायला आले. दुपारी बारा ते रात्री आठ हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी, उरलेला वेळ दादा. मी कामाला गेले की खालच्या मजल्यावरची मावशी दोनदा डोकावून जाते.

दादाच्या खोलीत काचेची पेटी आहे आणि त्या पेटीत म्हातारी. एकोणीस वर्षांची, अंगठ्याएवढी जाड, केशरी अंगावर तांबडे ठिपके. बिनविषारी, आणि स्वभावाने माझ्यापेक्षा गरीब. तिचे गोठवलेले उंदीर बर्फाच्या खणात माझ्या मटारांशेजारी असतात. पहिल्या महिन्यात मी मटार खाल्ले नाहीत. दुसऱ्या महिन्यात खाल्ले. माणूस दमला की त्याला कशाचीही सवय होते.

दादाची उजवी मूठ आवळलेली होती. आठवड्यातून दोनदा व्यायामवाल्या बाई यायच्या, बोटं सोडवू बघायच्या, रबरी चेंडू द्यायच्या. दादा तो चेंडू डाव्या हाताने त्यांच्याच दिशेने भिरकावायचा. एकदा पेटी साफ करताना मी म्हातारीला त्याच्या मांडीवर ठेवलं. ती सरकत मुठीपाशी गेली, अंगठ्याखालच्या फटीत डोकं घातलं, आणि दादाची बोटं एकेक करून सुटली. ती चिरडू नये म्हणून सुटली असावीत. बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, "रोज अर्धा तास हेच करा. चेंडू राहू दे. पण खंड पडू देऊ नका. आत्ता सांधे मोकळे आहेत. एकदा धरले की मग मी काय, कोणीच काही करू शकणार नाही."

तेव्हापासून रोज नाश्त्यानंतर अर्धा तास म्हातारी दादाच्या हातात. दोन महिन्यांत तो पेला धरायला आणि सोडायला लागला. मी त्या दिवशी मोरीत जाऊन रडले.

मग लंबू आला. लंबू म्हणजे दादाचा आगारातला मित्र. भल्या मनाचा, पण त्याचं भलेपण नेहमी दुसऱ्याच्या अंगावर पडतं. "एकटी कंटाळत असेल रे तुझी म्हातारी," असं म्हणून त्याने एक छोटा साप आणून दिला. कुठल्याशा दुकानातून, मोडक्या डब्यासकट. साप एकटा कंटाळत नाही हे दादाने डाव्या हाताने, भुवयांनी, सगळ्या अंगाने सांगून पाहिलं. लंबूला वाटलं, आनंद झालाय.

नवीन साप वेगळ्या जागी ठेवावा, जुन्यापाशी नेऊ नये, एवढं मी ऐकलं होतं. म्हणून छोट्याचा डबा स्वयंपाकघराच्या बोळात ठेवला. आठवड्याने बघते तर तो दिवसभर पाण्याच्या वाटीत वेटोळं करून बसलेला. मला वाटलं, उकडत असेल. वाटीच्या तळाशी खसखशीएवढे काळे ठिपके होते. वाटलं, माती. पाणी बदललं, संध्याकाळी ठिपके परत. त्यातला एक चालायला लागला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी छोट्याला हातात घेऊन पांढरं फडकं शेपटीपर्यंत ओढलं. फडक्यावर काळे-लाल ठिपके आणि राखेसारखी पांढरी भुकटी. "ही त्यांची घाण," त्या म्हणाल्या, "आणि हे माइट. रक्त पितात. हनुवटीखालच्या घडीत बघा, डोळ्याच्या कडेला बघा, तिथे दडतात. साप पाण्यात बसतो तो त्यांना बुडवायला." त्या माइट म्हणाल्या, मी उवा म्हणते. पंधरा दिवसांचा असो की एकोणीस वर्षांचा, डोकं खाजवायला ज्याला हातच नाही त्याला उवा होणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

इलाज सोपा होता, म्हणजे सांगायला. डब्यातला भुसा पिशवीत बांधून त्याच घटकेला घराबाहेर. लाकडाचं काही ठेवायचं नाही, फटीत अंडी असतात. खाली पांढरा कागद, लपायला पुठ्ठ्याचं खोकं, दोन्ही रोज बदलायचं. डबा गरम पाण्याने घासायचा. साप कोमट पाण्यात अर्धा तास, पाणी त्याच्या अर्ध्या अंगाएवढंच, आणि आपण तिथून हलायचं नाही. उवा वर डोक्याकडे पळतात, त्या कापसाने टिपायच्या. मग औषधाचा फवारा, तो वाळेपर्यंत पाण्याची वाटी बाहेर. औषधाने अंडी मरत नाहीत, म्हणून काही दिवसांनी पुन्हा फवारा. आणि पुन्हा.

मी रोज सकाळी उठून आधी छोट्याला घ्यायची. आजारी तो, आधी त्याचं. आमच्या घरात आईने हेच शिकवलं. त्याची अंघोळ, त्याचा डबा, त्याचा कागद. मग त्याच ओल्या बाह्यांनी, खांद्यावरच्या त्याच टॉवेलने दादाच्या खोलीत, म्हातारीचं पाणी बदलायला, तिला दादाच्या हातात द्यायला. आणि नेमका त्याच वेळी दादा चमचा घेऊन पलंगाच्या लोखंडी दांड्यावर बडवायला लागायचा.

"दम धर जरा! चहा काय पळून चाललाय?" मी ओरडायची. "मला काय दहा हात आहेत?"

तो आणखी जोरात बडवायचा. एकदा मी चमचाच काढून घेतला.

बाराव्या दिवशी म्हातारी पाण्याच्या वाटीत बसलेली दिसली.

मी पांढरं फडकं घेतलं. ओढायच्या आधीच मला कळलं होतं. उवा भिंतीवरूनच चालत आल्या असणार, म्हणून मधल्या भिंतीला मी भरपूर शिव्या दिल्या, मग लंबूला, मग ज्याने तो साप विकला त्या दुकानदाराला. साप साप म्हणून भुई धोपटायची ती धोपटून झाली आणि मी कामाला गेले.

आमच्या धुलाईखान्याला दोन दारं आहेत. एका दाराने मळकं येतं, दुसऱ्या दाराने धुतलेलं जातं, आणि मळक्या बाजूच्या माणसाने एप्रन न बदलता, हात न धुता पलीकडे पाऊल टाकायचं नाही. सव्वीस वर्षं मी हा नियम पाळते आहे आणि बाकीच्यांकडून पाळून घेते आहे. त्या दिवशी एक नवीन बाई मळक्या एप्रनसकट घड्या घालायला निघाली. मी तिला दारातच धरलं.

"अहो बाई, ते कपडे स्वच्छ आहेत! तुमच्या अंगावरचं सगळं तिकडे घेऊन जाल. कितीदा सांगायचं, आधी स्वच्छ बाजू उरकायची, मळकं शेवटी! आणि उलटं गेलात तर..."

ती बाई माझ्याकडे बघत उभी राहिली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी तिथल्याच गाठोड्यावर बसले.

घरी गेले तेव्हा दादा जागा होता. मी चप्पलही काढली नाही.

"दादा, तू चहासाठी चमचा वाजवत नव्हतास ना? मी आधी छोट्याचं करून मग म्हातारीकडे यायची, म्हणून वाजवत होतास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो. रागाने नाही, नुसती हो. त्याच्या पलंगावरून बोळातला डबा सरळ दिसतो. बारा दिवस त्याने रोज मला त्या उवा बाह्यांवर घेऊन येताना पाहिलं होतं, आणि मी त्याचा चमचा काढून घेतला होता. मला त्याच्या पायांवर डोकं आपटावंसं वाटलं. पण स्वयंपाक व्हायचा होता.

डॉक्टरीणबाईंनी म्हातारीला तपासून तोंड बारीक केलं. "वय झालंय हिचं. रक्त कमी झालंय. छोटा तरेल, हिचं सांगता येत नाही. आणि हे बघा, दर आठवड्याला फडकं फिरवायचं. लागोपाठ तीनदा कोरं निघेपर्यंत हिला पलंगावर न्यायचं नाही. गादीत अंडी गेली तर तुमच्या दादांना उचलून ती गादी कोणी झटकायची? कमीत कमी सहा आठवडे धरा."

"आणि त्यांचा हात?" मी विचारलं.

त्या सापांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी फवाऱ्याची बाटली माझ्या पुढे केली.

हाताबद्दल व्यायामवाल्या बाई बोलल्या, आणि त्यांचा आवाज चढला. मीही चढवला. शेवटी दोघींनी मिळून चेंडू आणला, स्पंज आणला, शिजवलेल्या भाताचा गोळासुद्धा देऊन पाहिला. दादाने सगळ्यांकडे पाठ फिरवली.

मग सहा आठवडे. सकाळी पाचला उठून आता आधी दादा, मग हात धुऊन छोटा, हात धुऊन, झगा बदलून शेवटी म्हातारी, कारण आता तीच सगळ्यांत मळकी. कोमट पाणी, कापूस, फवारा, कागद, खोकं, कचऱ्याची पिशवी. पेटीचा प्रत्येक कोपरा जुन्या दातांच्या ब्रशने. पंधराव्या दिवशी म्हातारीने उंदीर नाकारला. बाविसाव्या दिवशी तिची कात तुकड्या-तुकड्यांनी निघाली, डोळ्यावरची अर्धी तशीच राहिली. ती मी ओल्या कापसाने तासभर भिजवून सोडवली. माझ्या कंबरेच्या नाकी नऊ आले असं म्हणणार होते, पण कंबरेला नाक कुठलं. धुलाईखान्यात मी दोनदा उभ्या उभ्या झोपले.

या दिवसांत दादाची मूठ परत मिटली. हळूहळू नाही, आठ-दहा दिवसांतच. नखं तळव्यात रुतायला लागली, म्हणून मी कापडाची गुंडाळी घालून ठेवायची. एका सकाळी त्याने डाव्या हाताने पेटी दाखवली, मग आपली मूठ दाखवली, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "नाही," मी म्हणाले. "नाही म्हणजे नाही." मला त्याचा राग आला, म्हातारीचाही आला, आणि माझा सगळ्यांत जास्त आला. मी दाराआड जाऊन उभी राहिले. वाटलं, न्यावं तिला, एकदाच. मी नेलं नाही.

पाचव्या आठवड्यात म्हातारीने उंदीर गिळला. चौथं, पाचवं, सहावं फडकं कोरं. सहाव्याला मी चष्मा पुसून खिडकीशी नेऊन पाहिलं. एक ठिपका होता, तो शाईचा निघाला.

नाश्ता झाल्यावर मी दादाच्या मुठीतली गुंडाळी काढली आणि म्हातारीला त्याच्या मांडीवर ठेवलं. ती हलकी झाली होती. जीभ बाहेर काढत सरकली, मुठीपाशी आली, अंगठ्याखाली डोकं लावलं. फट नव्हती. तिने पुन्हा ढकललं. दादाच्या कपाळावर घाम आला. बोटं हलली नाहीत. म्हातारी थोडा वेळ थांबली, मग मुठीवरून वर चढून त्याच्या बाहीत शिरायला निघाली.

"दादा, हे माझ्यामुळे झालं," मी म्हणाले. "म्हातारी वाचली, पण तुझा हात मी घालवला. तू सांगत होतास आणि मी ऐकलं नाही. मला माफ कर, आणि करायचं नसेल तर नको करूस."

मी खाली फरशीवरच बसले. सहा आठवडे सगळे मला करत राहायलाच सांगत होते. कोणीतरी एकदा 'पुरे' म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

दादाचा जबडा हलायला लागला. शब्द बाहेर यायला त्याला फार वेळ लागतो. मी वाट पाहिली.

"पु..." तो म्हणाला. तोंड वाकडं झालं, परत जुळवलं. "पुन्हा."

मी उठले. म्हातारीला त्याच्या बाहीतून शेपटीकडून हळूच मागे घेतलं आणि परत मुठीपाशी ठेवलं.