फुग्याने मान टाकली

दहा वर्षं मी दादाच्या बाटल्या मोरीत ओतत आले. म्हणून तो मला फौजदार म्हणतो. आणि संचारबंदीच्या चौथ्या दिवशी याच फौजदारानं स्वयंपाकघरात दारू लावली.

करणार काय? दुकानं बंद. दादाचे हात इतके थरथरत होते की शर्टाचं बटण लागेना. डॉक्टर फोनवर म्हणाले, "एकदम तोडू नका, फिट येईल. थोडी थोडी कमी करा." थोडी म्हणे! आणायची कुठून, ते नाही सांगितलं. दादा फर्निचरला पॉलिश करतो. वर्कशॉपमध्ये स्पिरिटचा डबा भरलेला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या जोडीदारानं तेच पोटात घातलं आणि डोळे घालवून बसला. त्यामुळे वर्कशॉपची किल्ली मी कंबरेला लावून हिंडत होते.

"माझी शपथ घे," मी म्हटलं. "स्पिरिट पिणार नाहीस."

"नाही पिणार, फौजदार."

शेजारच्या बेकरीवाल्यानं चमचाभर यीस्ट दिलं आणि कृतीही सांगितली. द्राक्षाच्या ज्यूसचे स्वस्तातले चार खोके, वाटीभर साखर, पाण्याचा कॅन आणि कॅनच्या तोंडाला टाचणीनं भोक पाडलेला फुगा. "फुगा ताठ उभा राहील," तो म्हणाला. "बारा-पंधरा दिवसांनी त्यानं मान टाकली, की झाली समज."

दुसऱ्याच दिवशी फुगा उभा राहिला. दादा त्याच्यासमोर स्टूल टाकून बसला. "बाळसं धरलंय," म्हणाला. आम्ही दोघंही हसलो. रोज विचारायचा, "आज?" मी म्हणायचे, "उद्या." घामानं भिजायचा, उलट्या करायचा, पण शब्द पाळत होता. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि भीतीनं जीव नुसता टांगणीला लागलेला.

सहाव्या दिवशी दुपारी हॉस्पिटलच्या चादरी इस्त्री करून पोचवून आले, तर फुगा मान टाकून पडलेला. आदल्या संध्याकाळीच जरा ढिला वाटला होता. इतक्या लवकर! दादाही खिडकीशी शांत बसला होता, हात स्थिर. सुटलो एकदाचे, असं वाटलं. मी फुगा काढला, अर्धा ग्लास ओतला आणि नाकाशी नेला.

पॉलिशचा वास.

इस्त्रीचा तवा पुसायला कधीतरी मीच दादाकडून बाटलीभर स्पिरिट मागून घेतलं होतं. इस्त्रीच्या टेबलाखाली वाकून पाहिलं. बाटली रिकामी होती. अख्खं वर्कशॉप कुलपात घातलं आणि घरातली बाटली मेली मी विसरले!

"दादा, काय केलंस हे?"

"शब्द नाही मोडला," तो घाईघाईनं म्हणाला. "स्पिरिट नाही प्यालो. तुझी वाइनच प्यालो. दम नव्हता गं तिच्यात, म्हणून जरा ओतलं."

"कधी?"

"काल, तू चादरी द्यायला गेलीस तेव्हा."

मी त्याचा दंड धरून ओढायला लागले. रडत होते, त्याला शिव्या देत होते, स्वतःला देत होते. "ऊठ. हॉस्पिटलमध्ये चल. आत्ताच्या आत्ता."

भर दुपारचं ऊन खिडकीतून थेट त्याच्या तोंडावर पडलं होतं.

"रागावू नकोस, येतो ना," म्हणत तो खाली वाकला आणि जमिनीवर चपला चाचपडू लागला. हात अजिबात थरथरत नव्हते. "आधी जरा लाइट लाव."