उघड्या अंगणातली शेगडी

मी एक जुनी गॅसशेगडी आहे. लोखंडी, तीन पायांची, अंगणात ठेवायची. मित्रांनो, माझा शेवटचा साधा दिवस शुक्रवार होता. कतारमधल्या अल वक्र्यातल्या भाड्याच्या व्हिलामागे माझे मालक डग्लस यांनी मला पेटवलं आणि मोठ्या टोपात जव उकळत ठेवले. वरच्या खिडकीतून शेजारची मालविका वाकली.

"अंकल, काय शिजतंय?"

"जवाचं पाणी. किडनीला चांगलं."

"एवढा टोप? किडन्या किती आहेत तुम्हाला?"

मालक हसले, पण तिची खिडकी लागेपर्यंत त्यांची नजर हलली नाही. नाताळासाठी ते चोरून बियर करत. इथे त्याला बंदी. म्हणून त्यांना सगळ्यांचा संशय: मालविकाच्या नाकाचा, वॉचमनचा, वाऱ्याचासुद्धा.

मी घडले मोठ्या पंगतीच्या स्वयंपाकासाठी. समैस्म्याच्या किनाऱ्यावर वसईकर जमले की माझ्यावर मटण शिजे. "डग्लसची शेगडी! यल्ला, चला, ताटं घ्या!" असं कुणी ओरडलं की मला धन्य वाटे. मोकळ्या हवेत माझी ज्योत निळी असते.

शनिवारी मात्र मालकांनी मला सामानाच्या खोलीत नेलं. खिडकी लावली, दार ओढलं, वास जाऊ नये म्हणून फटीत ओला टॉवेल कोंबला आणि मला पेटवलं. हळूहळू माझी ज्योत पिवळी पडली.

बाहेर त्यांची मुलगी क्रिस्टी येऊन थांबली. "पप्पा, आत काय करताय?"

"काही नाही गं, सामान लावतोय."

ती थोडी घुटमळली आणि गेली. संध्याकाळी दार तिनंच ढकललं. मालक भिंतीला टेकून होते, झोपल्यासारखे.

डॉक्टर म्हणाले, विषारी गॅसनं गेले. मालकीणबाई लूर्द यांनी 'गॅस' एवढंच धरलं. सिलिंडर आणणारा रत्नागिरीचा मुदस्सिर भेटायला आला, तर त्या कडाडल्या, "गळका सिलिंडर दिलास! उद्याच तुझ्या कंपनीत तक्रार करते."

"चाची, साबण लावून बघितला होता मी. माझी नोकरी जाईल हो."

क्रिस्टीनं मला अंगणात आणलं, नळीला आणि जोडांना साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. पेटवलं, तर ज्योत निळी.

मित्रांनो, मी गळत नव्हते. पण बंद खोलीत मला हवा पुरत नाही आणि माझ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तेव्हा मला उघड्यावरच पेटवा. ज्योत पिवळी दिसली तर विझवा आणि दूर व्हा. कुणाला काय कळेल, ही भीती माणसाच्या श्वासापेक्षा मोठी मानू नका.

"मग गॅस आला कुठून?" लूर्दबाईंनी विचारलं.

"खोली बंद होती, ममा. मुदस्सिरभाईंचा दोष नाही." क्रिस्टीचा आवाज शांत होता. "पप्पा बियर करायचे, मला ठाऊक होतं. त्या दिवशीही दाराशी उकळत्या जवाचा वास आला. त्यांना लाज वाटेल म्हणून मी गप्प राहिले."

मग ती रिकाम्या खोलीकडे वळली.

"पप्पा, मला माहीत आहे तुम्ही काय करताय. मी रागावले नाही. बाहेर या."