दाराजवळची खुर्ची

त्या काळी परगावी बोलायचं तर टेलिफोन एक्स्चेंजला नंबर सांगून ठेवायचा आणि अर्धा दिवस फोनपाशी बसून राहायचं. ते कॉल जोडणाऱ्या मुली एका लांबट खोलीत ओळीने बसत. समोर भोकाभोकांचा बोर्ड, कानाला हेडफोन, हातात पिना लावलेल्या दोऱ्या. दाराजवळच्या खुर्चीत बसायची ती शिट्टी. आवाज बारीक म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं नाव. पुढे ते सुपरवायझर मोठ्या बाईंच्याही तोंडी बसलं.

ती खुर्ची कोणालाच नको असायची. पंख्याचा वारा तिथवर पोचत नसे. शिट्टीने मात्र ती मागून घेतली होती. गेल्या उन्हाळ्यापासून तिला अचानक काहीतरी व्हायचं. छाती धडधडायची, हातापायांना मुंग्या यायच्या, श्वास पुरेनासा व्हायचा. आता आपण मरणार, अशी खात्रीच पटायची. मग हेडफोन टाकून ती दाराबाहेरच्या जिन्याकडे पळायची. कठड्याला धरून उभी राहिली की हळूहळू सगळं ओसरायचं. जिन्याने वाचवलं, असं तिला वाटायचं.

डॉक्टर म्हणाले होते, "हृदय ठणठणीत आहे. धडधडलं की तुम्ही घाबरता, घाबरलात की आणखी धडधडतं. एकदा न पळता बसून बघा. आलंय तसं जाईल."

"त्यांचं काय जातंय सांगायला," ती घरी म्हणाली. "मरते मी."

"आत्तापर्यंत इतक्यांदा उभ्याने मेलीस," आई म्हणाली, "एकदा बसून मर."

शेवटी तिने नोकरी सोडायचं ठरवलं. काम जिवाभावाचं होतं. पण अर्ध्यात तुटलेल्या कॉलची बोलणी मोठ्या बाईंनी तरी किती दिवस खायची? "संध्याकाळी तुमच्याशी बोलायचंय," असं तिने त्यांना सकाळीच सांगून ठेवलं.

दुपारी एका गृहस्थांचा कॉल होता. त्यांची मुलगी परगावी बाळंतपणाला दवाखान्यात, आणि लाइन सकाळपासून लागता लागत नव्हती. आत्ता कुठे पलीकडची ऑपरेटर म्हणाली, "जावई येतायत फोनवर, धरून ठेव गं, सोडलीस तर पुन्हा मिळणार नाही." आणि शिट्टीच्या छातीत सुरू झालं. आपला आवाज लाइनवर जाऊ नये म्हणून खटका बंद करायचा असतो, त्याचं भान राहिलं नाही.

"मेले आता," ती पुटपुटली.

"बाई," कानात आवाज आला, "मरायच्या आधी माझा कॉल लावून देता का?"

"देते काका. थांबा."

"हात कापतायत का तुमचे?"

"हो."

"माझेही. मी आजोबा झालोय की व्हायचाय, तेच कळेना."

धडधड गळ्याशी आली. पाय पळायला निघाले होते, पण दोरी हातात होती. ती बसून राहिली. धडधड आणखी चढली, आणखी चढली, आणि वर जायला जागाच उरली नसावी तशी तिथेच घुटमळली. मग गॅस बंद केल्यावर उतू जाणारं दूध खाली बसतं, तशी बसली. तेवढ्यात जावई आले. शिट्टीने दोघांना जोडून दिलं.

बोलणं संपल्यावर गृहस्थ म्हणाले, "बाई, आहात का?"

"आहे."

"जिवंत?"

"वाटतंय तसं."

"मग ऐका, नात झाली."

शिट्टी हसली. मग तिच्या लक्षात आलं, जिना तिकडे होता आणि ती इकडे, खुर्चीत. इतके दिवस उगीच त्या जिन्याचे उपकार मानत होती.

संध्याकाळी मोठ्या बाई राजीनामा ऐकायच्या तयारीनेच बसल्या. "बोल, काय म्हणतेस?"

"मला पंख्याखालची खुर्ची द्या. दाराजवळ फार उकडतं."

"अगं, ती पार मधे. तुझं ते सुरू झालं तर पळणार कशी? सगळ्यांचे गुडघे आडवे येतील."

"म्हणूनच तर," शिट्टी म्हणाली.

धडधड पुढेही अधूनमधून यायची. शिट्टी तिला म्हणायची, "या, बसा. माझा कॉल चालू आहे."

"कोणाशी बोलतेस गं?" शेजारची विचारायची.

"आहेत ओळखीचे. जातील थोड्या वेळाने."