कोरडा जळालेला पंप

मी सिन्नरच्या एका दुमजली घरातला जळका पंप बोलतोय. मला कुणाची दया नको. माझं जळणं वाया गेलेलं नाही.

१९९९ साली सुनील आणि मोहिनी मला आणायला नाशिकला आले. दुकानदार त्यांच्या गळ्यात मोठा पंप मारत होता.

"गच्चीवरचं पावसाचं पाणी खालच्या टाकीत साठतं, ते वर चढवायचंय. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पुरे," मोहिनी म्हणाली.

दर पावसाळ्याआधी ती टाकी धुवायची, माझ्या पाइपाची जाळी घासायची. टाकीत पाणी पाहिल्याशिवाय मला चालू करत नसे. कोरडा फिरलो की मी जळतो, हे तिला ठाऊक होतं.

खालच्या मजल्यावर सुनीलचा थोरला भाऊ यादव राहायचा. सुनील अपघातात गेला आणि यादवने माझ्या बटणाच्या पेटीला कुलूप घातलं. आता मी फक्त त्याची न्हाणी आणि बाग भिजवत होतो. मोहिनी टँकरचे हंडे घेऊन जिना चढायची.

"भाऊजी, टाकी आम्ही दोघांनी बांधली."

"पाणी पायजे तर वरचा मजला माझ्या नावावर कर. नायतर माहेरी जा."

मोहिनी भांडली नाही. श्रावणात टाकीने तळ गाठला, तेव्हा तिने गच्चीवरून टाकीत उतरणारा पाइप आपल्या गॅलरीत कापला आणि पिंपांत सोडला. पिंपं भरल्यावर उरलेलं पाणी गटारात सोडलं.

दोन दिवस झोडपून पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी यादवच्या मुलीला बघायला पाहुणे आले. टाकी भरली असणारच, म्हणून त्याने न बघता बटण दाबलं. मी कोरडाच किंचाळत फिरलो. मोहिनी जिन्यात उभी होती. एक हाक मारली असती तर मी वाचलो असतो. मला तिचा राग आला नाही. धूर निघेपर्यंत मी जीव तोडून फिरलो.

यादव रिकामी बादली घेऊन वर गेला.

"एक बादली दे, मोहिनी. पाहुण्यांसमोर लाज जाईल."

"आधी पेटीची किल्ली ठेवा."

त्याने ठेवली. तिने बादली निम्मीच भरली.

"एवढंच?"

"मला तेवढंही नव्हतं, भाऊजी. सांभाळून उतरा, जिना ओला आहे."

आता मी तिच्या माळ्यावर पडून आहे. मला दुरुस्त करायचं असेल तर तिच्याच दारात बसवा. यादवच्या हाताने बटण दाबलंत, तर मी पुन्हा जळेन.