पाप वाघाच्या माथी

रावजी शेट्यांच्या मागल्या पडवीत सखूबाई सकाळपासून तांदूळ पाखडत बसली होती. चार दिवसांवर रावजीच्या लेकीचं, कमळाचं लग्न आलं होतं. पुढच्या अंगणात मांडवाचे वासे उभे राहात होते, बायकांची धांदल चालली होती. आणि लग्नाचं सारं भात ज्या हातांनी कांडलं, त्या हातांना हळदीच्या वाटीला शिवायची तेवढी मुभा नव्हती. सखूबाई रावजीच्या थोरल्या भावाची विधवा. मंगल कार्याला विधवेचे कष्ट चालतात, तोंड चालत नाही. आमच्या समाजानं ही सोय मोठ्या हुशारीनं करून ठेवली आहे!

गोठ्याच्या कडेला रंगी उभी होती. रंगी म्हणजे रावजीचं खेचर. वीस वर्षं तिनं खाडीवरचं मीठ आंबा घाट चढून वर नेलं आणि घाटावरचा गूळ खाली आणला. आता घाटातून मोटारलॉऱ्या धावू लागल्या होत्या. रंगीचा मागचा पाय अधू झाला होता, पाठीवरचे केस खोगिरानं कायमचे गेले होते. त्यातच गुहागरच्या व्याह्यांनी बोलून दाखवलं की, लग्नघराच्या दारात वांझ जनावर बरं दिसत नाही.

रावजी दोर घेऊन पडवीत आला.

"वैनी, रंगीला रानात सोडून या. तुमच्या मागनं मुकाट चालते ती."

सखूबाईच्या हातातलं सूप थांबलं. "भावजी, तिथं वाघ हाय."

"हाय तर हाय. आपण थोडीच मारतोय तिला? वाघानं नेली तर पाप वाघाचं. आमच्या आज्यापासनं असंच चालत आलंय." मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "या खेपेला बांधून या. मागं नुसती सोडली, तर तिसऱ्या दिवशी दारात हजर! नि येताना तुमी बागेतल्या मांगरात, त्या खोपटातच थांबा. वऱ्हाड गेलं की घरात या. भाकरी धाडीन मी."

सखूबाई उठली. न उठून जाणार कुठं? माहेर केळशीला होतं. पण नवरा गेल्यावर पहिल्याच दिवाळीत भावानं 'आमचंच आम्हाला पुरत नाही' असं ऐकवलं होतं. अठरा वर्षं ती या घरात होती आणि घरातलं एक दारही तिचं नव्हतं.

दोघी रानाची चढण चढू लागल्या. रंगी लंगडत होती, म्हणून सखूबाईही सावकाश चालत होती. ऐनाच्या एका झाडाखाली ती थांबली. तिनं दोर बुंध्याला गुंडाळला आणि घट्ट गाठ मारली.

रंगीनं हिसका दिला नाही. बांधलं की ओझं चढतं, एवढंच तिला जन्मात कळलं होतं. तिनं दुखरा पाय टेकला आणि ओझ्याची वाट बघत पाठ सरळ करून उभी राहिली.

सखूबाई वीसेक पावलं खाली आली. मागून एकही हाक आली नाही. रंगी ओरडली असती तर परवडलं असतं! अठरा वर्षं आपणही अशाच उभ्या आहोत, हे त्या रानात, भर उन्हात तिला पहिल्यांदा दिसलं, आणि स्वतःचा भयंकर संताप आला.

"पाप वाघाचं म्हणे!" ती मोठ्यानं म्हणाली. "नि गाठ काय वाघानं मारली?"

ती धावतच वर गेली. गाठ सुटेना, तेव्हा तिनं दात लावले. "रंगे, मी बांधली गो तुला. ह्याच हातांनी," असं म्हणत ती रंगीच्या मानेला मिठी मारून हमसाहमशी रडली.

दुपारी रावजी मांगराशी आला, तेव्हा रंगी सावलीत गवत खात होती.

"वैनी! ही परत कशी?"

"मी आणली. ती हितंच राहील. नि मीसुदा. आता घरात यायची नाय मी."

"मंग लग्न झाल्यावर घरातलं काम कोण करील?"

"ज्यांची तोंडं लग्नाला चालतात, ती करतील."

रावजीचा चेहरा लाल झाला. "घरातनं दाणा मिळायचा नाय, सांगून ठेवतो! ह्या लंगड्या जनावराला पोसणार कोण?"

"मी. लोकांचे नारळ डोक्यावरनं बाजारात नेईन. हिच्या पाठीवर एक पण चढवायची नाय."

"नि तुमाला कोण पोसणार?"

मांगराचं छप्पर अर्धं उघडं होतं, पावसाळा दीड महिन्यावर होता. सखूबाईला हे दिसत होतं. तिची भीतीही गेली नव्हती. तरी तिनं दिराच्या डोळ्याला डोळा दिला.

"अठरा वर्षं तुमच्या घरात दोन्ही वेळचं मी रांधत्येय, भावजी. आजवर कोण कोणाला पोसत होतं?"

वाचकहो, तुमच्या घरातही अशी एखादी वहिनी, एखादी आत्या असेल. तिनं उद्या हेच विचारलं, तर तुम्ही काय सांगाल?