चारोळीच्या वासाची वाइन

बादली वर आली तशी खानसामा सोमाजी रामटेकेने आधी बाटली चाचपून पाहिली. दोन तास विहिरीत बुडून ती छान गार झाली होती. आलापल्लीच्या विश्रामगृहात फ्रीज नव्हता, आणि सागवान पाहायला आलेल्या इटलीच्या एन्झोसाहेबाला आपल्या मुलखातली ही पांढरी वाइन, सोआवे, गारच लागायची.

साहेब स्वयंपाकघरातच येऊन उभा होता. सोबत दुभाष्याचं काम करून घामाघूम झालेला रेंजर वैरागडे. साहेबाने बूच काढलं, पेला भरला आणि सोमाजीपुढे धरला.

"त्यायच्याकडे रांधणारा आधी चाखते, मंग ठरवते काय रांधाचं ते," वैरागडे म्हणाला. "घे."

सोमाजीने हात मागे घेतला. छप्पन साली चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून अठ्ठावीस वर्षं त्याच्या ओठाला थेंब लागला नव्हता. साहेबलोकांचा चखणा त्याने तळला, रिकाम्या बाटल्या उचलल्या, पण स्वतः कोरडा राहिला.

"मी घेत नाई, साहेब."

"अरे, एका घोटानं काय होते? मुंबईच्या साहेबायनं पाठवलेला पाव्हणा आहे. त्याचं तोंड वाकडं झालं, तर तुले उद्याच डेपोत धाडतो. म्हातारपणी लाकडं उचलशीन."

सोमाजीच्या निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं. त्याने पेला घेतला खरा, पण तो काठोकाठ भरलेला होता; थोडी वाइन सदऱ्यावर सांडली. उरलेला पेला त्याने तोंडाऐवजी नाकाशी नेला. लिंबाची ताजी साल. जरा कच्चा पेरू. आणि अगदी मागून, चारोळी फोडताना येतो तसा कडसर वास.

"साहेब, हे मटणासंग नका देऊ," तो घाईघाईने म्हणाला. "तिखटानं मरून जाईन हे. ढिवर वस्तीतल्या गिरजाबाईनं आज तलावातली मरळ मासोळी आणली. ते मी पळसाच्या पानात वाफवतो. लिंबू, वाटलेली चारोळी, मिरची बिलकुल नाई. अन् संग भात."

वैरागडेने कपाळावर हात मारला, पण सांगायचं ते सांगितलं. एन्झोसाहेबाने पेला परत घेतला आणि मान डोलावली.

दुपारी सोमाजी दाराआड उभा राहून पाहत होता. साहेबाने मासा खाल्ला, घोट घेतला, पुन्हा मासा खाल्ला. मग त्याने ताट पुढे सरकवून आणखी मासा मागितला.

"म्हणते, त्याच्या गावात पिऊन पिऊन जे जमत नाई, ते तुले वासानंच जमलं," वैरागडे आत येऊन म्हणाला. मग आवाज उतरवून, "डेपोचं डोक्यातून काढ. गरमीत बोलून गेलो."

सोमाजीचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा बायको कमला ओसरीत तांदूळ निवडत होती. तो जवळून जाताच तिचा हात थांबला.

"काऊन वो, दारूचा वास येऊन राह्यला?"

"पाव्हण्याची होती. सदऱ्यावर सांडली."

"तोंड उघडा."

सत्तावन्न वर्षांच्या सोमाजीने मुकाट्याने वाकून तोंड उघडलं. कमलाने नाक जवळ नेऊन नीट हुंगलं. जेवणातल्या मरळीचा वास होता, दुसरा कसलाच नव्हता. तिचे डोळे भरून आले. ती बोलली मात्र एवढंच, "काढा तो सदरा. आत्ताच धुवून टाकतो."

सोमाजी उघड्या अंगाने पायरीवर बसला आणि सदरा दोरीवर चढेपर्यंत तिथून हलला नाही.